पाण्याचे रोगण

पोळा हा शेतकऱ्याच्या बैलांचा सण. विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ ठिकाणी मुलांचा तान्हा पोळा भरतो. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. अशा गावांतील लहान मुलांच्या हाती बैल येतो तो लाकडाचा. त्याचे धड सुतार कोरून काढतो. चाके मात्र लेथवर कातलेली असली म्हणजेच तो बैल सरळ धावतो. मूल हा बैल ओढते, तसेच त्याचे शिंग तोंडातही घालते. म्हणून त्यावर चढविलेले रोगण कशाचे आहे, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

जुने कारागीर कातकामावर लाख चढवीत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे बारीक कीटक ही लाख निर्माण करतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते व लाकडावर पसरते. ही चकाकी सुंदर खरी, पण तिला सरावलेला हात लागतो. पुढे तैलरंग आले. त्यांतील काहींमध्ये शिसे असे, आणि ते बालकांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने 2016 साली केला व तो 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. तरीही डब्यावरील मजकूर वाचून, खेळण्यांसाठी योग्य असे लिहिलेलेच रोगण घेणे बरे.

पाण्यावर आधारलेले रोगण डब्यात दुधासारखे पांढरे दिसते. त्यात कृत्रिम राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांजवळ येऊन जुळतात व पारदर्शक पापुद्रा बनतो. त्याला उग्र वास फारसा नसतो, आणि कुंचला ओला असतानाच साध्या पाण्याने धुता येतो. तैलरोगणाप्रमाणे ते लाकडाला पिवळसर झाक आणीत नाही. पांढरट शिवणीवर हा गुण ठरतो. सागावर मात्र रंग थोडा फिका वाटतो.

या रोगणाची एक खोड आहे. पाणी लागताच लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात आणि गुळगुळीत चाक खरखरीत होते. त्यावर उपाय सोपा आहे. रोगणापूर्वीच चाक ओल्या फडक्याने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे व उभे राहिलेले तंतू बारीक काचकागदाने हलकेच घासून काढावेत. लोखंडी तारेचा काथ्या येथे वापरू नये. त्याचे तुकडे लाकडात अडकून गंजतात व काळे डाग पडतात. साग तेलकट असल्याने तो आधी स्पिरिटने पुसून घ्यावा. लाकडावर पूर्वीचे मेण राहिले असेल तर रोगण धरत नाही.

रोगण ढवळावे, डबा हलवू नये. हलविल्याने बुडबुडे होतात आणि ते पापुद्र्यात तसेच राहतात. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक कागद फिरवून धूळ पुसावी. चाकाच्या ज्या बाजूस तंतूंची टोके उघडी पडतात ती बाजू रोगण अधिक पिते, म्हणून तेथे एखादा हात जास्त लागतो. आसाच्या भोकात रोगण जाऊ देऊ नये. चाक चिकटून बसते. फिरत्या लेथवर फडके बोटांना गुंडाळून कधीही धरू नये. ते ओढले गेले तर बोटही त्याबरोबर जाते. रोगण लावताना लेथ बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे.

ऋतूचेही भान हवे. वऱ्हाडातील वैशाखात रोगण इतक्या झटपट सुकते की कुंचल्याचे ओरखडे तसेच राहतात. श्रावणातील दमट हवेत पाणी उडण्यास फार वेळ लागतो. पोळा येतो श्रावणी अमावास्येला. स्पर्शाला कोरडे वाटणारे रोगणसुद्धा आतून पक्के होण्यास सुमारे तीन-चार आठवडे घेते. त्यामुळे पोळ्याच्या आदल्या दिवशी रंगविलेला बैल चकचकीत दिसला तरी मुलाच्या तोंडी जाण्यास तयार नसतो. ज्याला बैल वेळेवर हवा, त्याने आषाढाच्या आरंभीच, उघाडीचे दोन दिवस साधून, कुंचला हाती घ्यावा.

लाटण्याची गोष्ट वेगळी आहे. त्यावर रोगणाचा पापुद्रा चढवू नये. रोजच्या घासण्याधुण्याने तो सुटून पिठात मिसळण्याचा संभव असतो. लाटणे कोरेच बरे.