रोबोची लढाई मातीशी

ब्रिटनच्या ‘रोबोट वॉर्स’ या टीव्ही मालिकेत 2016 साली जड गटाची वजनमर्यादा 110 किलो होती. त्यातली रोबोंची झुंज व्हायची सपाट फरशीवर, पारदर्शक भिंतींच्या आत. एवढेच धूड मोकळ्या मैदानात संघ करून लढवायचे, तर आधी मातीशी गाठ पडते.

असे रोबो बहुधा रणगाड्यासारखे वळतात. एका बाजूची चाके पुढे, दुसरीकडची मागे. गवतात ही चाके आडवी फरफटतात, कडेला माती साचते आणि मोटर अडते. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते, आणि बऱ्याचदा मोटरला वीज देणारा कंट्रोलरच जळून जातो. म्हणून पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर रोबोच्या रुंदीपेक्षा कमी ठेवावे. विजेवरच्या व्हीलचेअरची 24 व्होल्टची मोटर हौशी मंडळींना आवडते, कारण वेग उतरवून जोर वाढवणारा गिअरबॉक्स तिला जोडलेलाच असतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती सुरक्षितता. मैदानाला भिंती नसतात, त्यामुळे रिमोटचा संदेश तुटताच रोबो थांबलाच पाहिजे. हे तपासायला चाके अधांतरी राहतील असा तो ठोकळ्यांवर ठेवा, चालवा आणि रिमोट बंद करा. चाके फिरतच राहिली, तर त्या दिवशी रोबो मैदानात उतरवू नका.