माळ्यावरची ट्रंक आणि गावोगावची पेटी

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी ट्रंक अशी असते, की तिच्यातील कागद टाकवत नाहीत आणि वाचवतही नाहीत. पणजोबांची पत्रे, हिशेबाचे बंद, सरकारी हुकमांच्या नकला, सारे मोडीत! घरात पदवीधरांची वाण नसते; पण त्या कागदांपुढे सगळेच निरक्षर. दुसऱ्या टोकास नातवंडे. त्यांच्या कानाला मराठी उत्तम कळते, मराठी नाटके नि चित्रपट ती मोबाइलवर आवडीने पाहतात. हिंदीमुळे देवनागरी अक्षरेही त्यांना लागतात. मात्र मराठी पुस्तकाचे सलग पान पुढे केले, की दुसऱ्या परिच्छेदातच ती थकतात. मग साक्षर म्हणावयाचे ते कोणास? ज्याला एक लिपी येते त्यास, की जे जे समोर येईल ते समजून घेण्याची ज्याची तयारी आहे त्यास?

या प्रश्नाचा विचार आपल्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी झाला होता आणि तो ग्रंथालयाच्या द्वारा झाला होता, याची आठवण आज करावीशी वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांचे बालपण नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी गेले. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि खरे शिक्षण तेथून पुढे सुरू झाले. अक्षराची किंमत ज्याला उशिरा कळते, त्याला ती पुरती कळते. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली ते धोरण सर्व राज्यास लागू करण्यात आले. परंतु एक अडचण लवकरच ध्यानात आली. शाळा सुटली, मुलगा शेतावर गेला, हाती पुस्तक राहिले नाही, की चार वर्षांत शिकलेली अक्षरे तो विसरतो. म्हणजे शाळेने दिलेले टिकवावयाचे, तर शाळेपलीकडे काहीतरी हवे.

ते ‘काहीतरी’ महाराजांना अमेरिकेच्या प्रवासात दिसले. १९१० साली त्यांनी तेथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांसाठी खुले झाले आणि त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पुढच्याच वर्षी ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. बॉर्डन १९१३ साली परतले. पण काम थांबले नाही. ज. स. कुडाळकर, मोतीभाई अमीन, पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ते वाढविले. खेड्यातील ग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावा, प्रांत पंचायतीने एक द्यावा आणि सरकारने एक, अशी पद्धत होती. फुकट मिळालेल्या वस्तूची हेळसांड होते. पदरचे चार आणे घातले, की माणूस तिची वास्तपुस्त ठेवतो. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई. वाचून झाली, की ती परत येई नि दुसरी निघे.

इतके बहुतेकांस ठाऊक असते. ज्याचा उल्लेख क्वचित होतो, ती गोष्ट याहून मोलाची आहे. या ग्रंथालय खात्याची एक शाखा ‘दृश्य शिक्षणा’ची होती. तिच्याकडे काचेवरची चित्रे आणि ती पडद्यावर दाखविणारे दिवे होते, दोन डोळ्यांनी पाहिले असता चित्रास खोली आणणारे स्टिरिओस्कोप होते, चलच्चित्रांचे यंत्रही होते. ही साधने गावोगाव जात आणि खेळ विनामूल्य होत. आपल्याकडे पडद्यावरची चित्रे नवी नव्हती. कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लोकांनी पाहिली होती आणि ज्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ने १९१३ साली इतिहास घडविला, ते दादासाहेब फाळके तर बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. नवे होते ते हे, की येथे चित्र करमणुकीच्या तंबूत न राहता ग्रंथालयाच्या छपराखाली आले. पुस्तक आणि पडदा एकाच खात्याची दोन अंगे ठरली. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ग्रंथालयाचे दार बंद नव्हते. त्याने चित्र पाहावे, विचारावे आणि त्या वाटेने एक दिवस पेटीतल्या पुस्तकाकडे यावे.

नंतर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य आले, काळ पालटला. आता चित्राची वाण कोणास आहे? प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. मात्र त्या पडद्याशेजारी माणूस नाही! चित्र कोणी घेतले, केव्हा घेतले, त्यातील काय कापून टाकले, शेजारचा मजकूर त्याच चित्राचा आहे की दुसऱ्याच कोठला, हे कोणी विचारीत नाही. छापलेले ते खरे, असे मानणारी पिढी आपण भोळी म्हणून हसण्यावारी नेली; पडद्यावर आलेले ते खरे मानणारे आपण काय शहाणे? पुस्तक वाचण्यास जशी सवय लागते, तशीच चित्र, आवाज आणि बातमी ‘वाचण्यास’ही लागते. ती सवय लावण्याची जागा ग्रंथालयाहून चांगली कोणती? तेथे एकच गोष्ट ग्रंथात, जुन्या वृत्तपत्रात आणि छायाचित्रात शेजारीशेजारी ठेवून पाहता येते. कोणी काही विकावयास बसलेला नसतो.

आमच्या जुन्या कुटुंबांकडे या कामासाठी पुष्कळ आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. ज्यांना मोडी येते असे कोणी हयात आहेत, त्यांनी वाचनालयात बसावे. ट्रंकेतील एकेक कागद तेथे न्यावा. नातवंडांनी मोबाइलवर पाहिलेला मराठी चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतला, ती कादंबरी कपाटातून काढून तिचे पहिले प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, दुसरे त्यांच्याकडून वाचवून घ्यावे. मोबाइलवर आलेली बातमी खरी कशी ठरवावी, हे तीच नातवंडे आपल्याला शिकवतील. त्यात कमीपणा मानू नये.

सयाजीराव महाराजांनी पेटी गावापर्यंत पोहोचविली. आपल्याला ट्रंक फक्त माळ्यावरून खाली आणावयाची आहे.