विजेचा दर आणि मतदाराचा कौल

अमेरिकेतील जॉर्जिया, ॲरिझोना अशा काही राज्यांत विजेच्या दरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयोगाचे सभासद लोकच मते देऊन निवडतात. त्यामुळे तिसऱ्या पक्षाचा उमेदवारही त्या पदासाठी उभा राहू शकतो. भारतात तशी रीत नाही. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे राज्य आयोगाचे सभासद निवडसमितीच्या शिफारशीवरून नेमले जातात.

तरीही डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीत हा प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोचला. काँग्रेस व भारतीय जनता पक्ष यांच्या सामन्यात तिसरा म्हणून उतरलेल्या आम आदमी पक्षाने वीजबिल निम्मे करण्याचे वचन दिले आणि ७० पैकी २८ जागा मिळवून सरकार बनविले. परंतु दर ठरविणे आयोगाच्या हाती. सरकारच्या हाती केवळ तिजोरी. म्हणून ४०० युनिटांपर्यंतची सवलत अनुदानाच्या रूपाने द्यावी लागली. ग्राहकाचे बिल उतरले, विजेचा खर्च मात्र उतरला नाही. त्याचा भार करदात्याकडे वळला.

नेमलेला आयोग लोकानुनयाच्या मोहापासून दूर राहू शकतो हे खरे. पण त्याला जाब कोणी विचारावा? दर ठरण्यापूर्वी सूचना व हरकती मांडण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक ग्राहकाला दिला आहे. मताइतकाच तोही मोलाचा आहे.