गुडघ्याला झटका बसला नाही तर?

उंच बाकावर पाय अधांतरी सोडून बसा. गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली मित्राला तळहाताच्या कडेने हलका ठोका मारायला सांगा. पाय चटकन पुढे उडेल. तुम्ही तर तो उडवला नाहीत. मग कोणी उडवला?

ठोक्यामुळे वाटीखालची कंडरा दाबली जाते व मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. संवेदी मज्जातंतू ही बातमी कमरेजवळच्या मज्जारज्जूत पोचवतो. तेथून प्रेरक मज्जातंतू लगेच उलट हुकूम आणतो आणि स्नायू आकुंचन पावतो. मेंदूला विचारावे लागत नाही. जाण्यायेण्याची वाट सव्वा मीटर आणि वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर धरा. वेळ किती? सेकंदाचा अवघा चाळिसावा भाग!

१८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया स्वतंत्रपणे वर्णन केली. तेव्हापासून डॉक्टरांच्या हाती रबरी हातोडीची सोपी कसोटी आली. घंटा वाजली नाही, की आपण विद्युत्-मंडल कोठे तुटले ते शोधतो, तसेच हे. मेंदूकडून येणारी वाट बिघडली, तर त्याचा लगाम सुटून झटका बहुधा अधिकच जोरात बसतो. झटका नाहीसा झाला, तर दोष या छोट्या मंडलातच असण्याचा संभव जास्त.

मधुमेहात लांब तंतू आधी बिघडतात. म्हणून टाचेचा झटका गुडघ्याच्या आधी हरवतो. २०२५ च्या आरंभी पुण्यात गिया-बारे आजाराचे अनेक रुग्ण आढळले. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून मज्जातंतूंवरच हल्ला करते. पाय लुळे पडू लागतात, झटके नाहीसे होतात, कधी श्वासाचे स्नायूही थकतात. वेळीच इलाज झाला तर बहुतेक रुग्ण सावरतात.

मात्र तुमचा पाय उडाला नाही म्हणून घाबरू नका! काही निरोगी माणसांतही झटका दिसत नाही. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढा आणि त्याच क्षणी ठोका मारायला सांगा. लपलेला झटका पुष्कळदा प्रकट होतो. हंगेरीच्या येंद्रासिक यांची ही युक्ती १८८५ सालची. पण चालताना पायांतले बळ दिवसेंदिवस कमी होत असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.