चार तळहातांएवढी जमीन

पकड म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. तांबड्या मातीच्या हौदात अनवाणी उतरणारा मल्ल मॅटवर जाताना पायांत बूट चढवतो. पाय तेच, डावही बरेचसे तेच. बदलते ती पायाखालची जमीन. मृगाचा पाऊस सुरू झाला की कातडी कोल्हापुरी चप्पल फडताळात जाते आणि रबरी पायताण बाहेर निघते, त्यामागचे शहाणपणही हेच. गंमत अशी, की स्वतःच्या पायांबद्दल इतका चोखंदळ असलेला हा माणूस वीस-पंचवीस लाखांच्या गाडीला टायर घेताना ‘आहे त्यात चांगला घाल’ एवढे सांगून मोकळा होतो.

वाहनांचे वेड आपल्याकडे जुने आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि इथला कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला होता. आता हौशी मंडळींत ‘ट्रॅक डे’ची भर पडली आहे. शुल्क भरायचे, हेल्मेट घालायचे आणि बंदिस्त ट्रॅकवर आपलीच गाडी मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, क्रमांक नाही. बायपासवर मध्यरात्री जीव टांगणीला लावण्यापेक्षा हे शतपटीने बरे, असे माझे स्वच्छ मत आहे.

आमच्या गल्लीतला एक तरुण अशाच बेतात आहे. ‘काका, ट्रॅकचे टायर टाकू का?’ असे त्याने मला विचारले. मी आयुष्यभर बँकेत वाहनकर्जे मंजूर केली. जुन्या गाडीच्या तपासणीला गेलो की रंग आणि सीटकव्हर पाहण्याआधी मी खाली वाकून टायर पाहत असे. मालक गाडीची निगा कशी राखतो, हे तिथे लिहिलेले असते. त्याच सवयीने मी त्याच्या प्रश्नाचा हिशेब मांडला.

गाडी कितीही मोठी असो, एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. म्हणजे दीड टनाचा ऐवज आणि आतली माणसे चार तळहातांएवढ्या रबराच्या भरवशावर असतात. इंजिनाची ताकद, ब्रेकची ताकद आणि स्टिअरिंगचे वळण हे सगळे तिथूनच रस्त्यापर्यंत पोहोचते.

टायरच्या कडेला त्याची जन्मपत्रिका छापलेली असते. समजा, तिथे ‘२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू’ असे आहे. २२५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ९४ हा भाराचा निर्देशांक. त्याचा अर्थ एका टायरवर ६७० किलो. ‘डब्ल्यू’ ही वेगाची मर्यादा, ताशी २७० किलोमीटर. ‘व्ही’ असेल तर २४०, ‘एच’ असेल तर २१०. कंपनीने नेमून दिलेल्या भाराच्या आणि वेगाच्या आकड्यांखाली कधीही उतरू नये.

याखेरीज चार आकडी खूण असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ही खूण दुकानातच वाचावी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘निर्बंधित’ वर्गात टाकली. स्पोर्ट्स गाड्यांची मापे मुळात कमी खपाची. त्यामुळे हवे ते माप मिळाल्याच्या आनंदात गोदामात पडून राहिलेला माल गळ्यात पडू शकतो. रबर न वापरताही म्हातारे होते.

आता मूळ प्रश्न. रस्त्याच्या स्पोर्ट्स टायरची नक्षी खोल असते. पाणी बाजूला सारणे हे तिचे काम. निव्वळ शर्यतीच्या ‘स्लिक’ टायरला नक्षीच नसते आणि तो रस्त्यावर वापरायचा नसतो. या दोहोंच्या मधला तो ‘सेमी-स्लिक’: रबर मऊ, नक्षी जुजबी. मिशेलिनचा कप टू किंवा योकोहामाचा ए०५२ ही त्याची नावाजलेली उदाहरणे. तापला की तो कोरड्या डांबराला घोरपडीसारखा चिकटतो. पण थंड असताना त्याची पकड कमी पडते, साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो आणि झिजतोही भराभर. बऱ्याच टायरांवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो, २०० किंवा त्याखालचा आकडा मऊ रबराचा, ३०० च्या वरचा टिकाऊपणाचा. मात्र तो ज्याच्या त्याच्या कंपनीने ठरवलेला असल्याने दोन कंपन्यांची तुलना त्यावरून बेताचीच करावी.

ट्रॅकवर टायर तापतो तशी आतली हवाही तापते. सकाळी ३० अंशांना ३० पौंड हवा भरली आणि ती ७० अंशांपर्यंत तापली, तर काटा साधारण ३६ दाखवतो. नायट्रोजन भरला तरी हाच नियम लागू. फरक पडतो तो ओलाव्याचा. हवा फार वाढली की टायर मधोमध फुगतो आणि टेकणारा भाग घटतो. म्हणून जाणकार मंडळी दर फेरीनंतर गरम टायर मोजून हवा थोडी सोडतात. घरी निघण्यापूर्वी ती पुन्हा भरायची असते. हे विसरले, तर कमी हवेचा टायर हायवेवर आतून तापून फुटण्याची भीती असते.

मी त्या मुलापुढे कागद ठेवला. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० सालचा, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २००३ चा. कोल्हापूरहून दोन्ही नऊशे-हजार किलोमीटर. जाऊन-येऊन दोन हजार आणि प्रत्यक्ष ट्रॅकवर दिवसभरात फार तर शंभर-दीडशे. जोखीम कुठे जास्त आहे, हे यावरून कुणालाही कळावे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो आणि रुग्णवाहिका तयार असते. परतीच्या वाटेवर मात्र वळवाची सर येते, अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढे उभी ठाकते आणि बुटक्या कडेचा टायर खड्ड्यात आपटला की त्याला फुगा येतो. पावसाळ्यात गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट सेमी-स्लिकवर उतरणे तर माझ्या लेखी आत्मघातच.

माझा सल्ला असा. पहिली दोन-तीन वर्षे रस्त्याचेच उत्तम स्पोर्ट्स टायर, कंपनीच्या मापाचे, चारही एकाच जातीचे वापरावेत. त्यांची पकड सुटण्याआधी ते कुरकुरून सूचना देतात आणि शिकाऊ हाताला ती सूचना लाखमोलाची असते. अर्धी नक्षी झिजलेला टायर कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा बरा चालतो, कारण नक्षीचे उंच ठोकळे कमी हलतात आणि कमी तापतात. पण १.६ मिलिमीटरची खूण उघडी पडली की तो रस्त्यावरून बादच. पुढे हात बसला आणि खिसा परवानगी देत असेल, तर सेमी-स्लिकचा वेगळा संच वेगळ्या रिमवर चढवावा. तो टेम्पोतून न्यावा, तिथे बदलावा आणि रस्त्याच्या टायरवर घरी यावे.

खर्चाचा आकडा ऐकून त्या मुलाचा चेहरा जरा उतरला. मग तो म्हणाला, ‘म्हणजे काका, घरी परत यायचे टायर आधी घ्यायचे.’ माझ्या दोन पानी हिशेबाचा त्याने एका वाक्यात ताळेबंद मांडला होता. त्या दिवशी त्याची आईही दारात उभी राहून आमचे बोलणे ऐकत होती. तिला रेडियल आणि ट्रेडवेअर यांतले काही कळले नसेल, पण हे वाक्य नेमके कळले.