सॅक भरण्याआधी रक्त तपासा

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेसाठी जिवती-देवाडा भागातून दहा जण निवडले गेले होते. बातमी झाली ती शिखराची. पण डॉक्टरच्या नजरेला त्यात दोन वेगळ्याच गोष्टी दिसतात. एक, जेमतेम दोनशे-पाचशे मीटर उंचीवर वाढलेल्या या मुलांना थेट हिमालयात नेले नव्हते. तेलंगणातले कडे, मग दार्जिलिंग, मग लडाख अशी कित्येक महिन्यांची तयारी आधी झाली होती. आणि दुसरी, दहापैकी पाचच माथ्यावर गेले. इतके कष्ट करूनही बाकीच्यांना खाली थांबावे लागले.

आता हिमालयातला आठ-दहा दिवसांचा ट्रेक शिक्षक, बँक कर्मचारी, कॉलेजची मुले असे सगळेच करतात. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ, म्हणजे ५,३६४ मीटर, हे त्यातले मोठे स्वप्न. दिवाळीची सुटी त्याच्या हंगामात येते. मग बूट कोणते, जॅकेट किती जाड, सॅक किती लिटरची यावर महिनाभर चर्चा होते. यादीत सगळे असते. रक्ताची तपासणी मात्र नसते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसासाठी ती यादीत पहिली हवी.

कारण सिकलसेल. पूर्व विदर्भात हा दोष फक्त आदिवासींमध्ये आहे, असा एक सोयीस्कर समज आहे. तो चुकीचा आहे. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तर माणूस ‘एसएस’, म्हणजे आजारी. एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काहीच होत नाही. तो शेती करतो, कबड्डी खेळतो, पोलीस भरतीत धावतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला लग्न ठरेपर्यंत, कधी कधी आयुष्यभर, कळत नाही.

मात्र त्याच्या तांबड्या पेशींत साधारण चाळीस टक्के हिमोग्लोबिन सदोष असते. रक्तातला प्राणवायू फार कमी झाला, अंगातले पाणी आटले आणि त्यात जोराचे श्रम पडले, की या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. विरळ हवेत हे तिन्ही एकदम जमून येते. पहिला फटका बहुधा प्लीहेला, म्हणजे पाणथरीला बसतो. तिचा काही भाग रक्ताविना मरतो. डाव्या बरगडीखाली कळ, ती कधी डाव्या खांद्यापर्यंत, सोबत मळमळ आणि ताप. वैद्यकीय नियतकालिकांत अशा बऱ्याच नोंदी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना आपण वाहक असल्याचे डोंगरावरून खाली आणल्यावर कळले.

मग वाहकाने डोंगर चढूच नये का? इथे अमेरिकी सैन्याचा अनुभव उपयोगी आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण घेणाऱ्या वाहक कृष्णवर्णीय जवानांमध्ये अनपेक्षित अचानक मृत्यू वाहक नसलेल्यांच्या सुमारे २८ पट दिसले. आकडा भीतिदायक आहे, तरी प्रत्यक्षात ते प्रमाण लाखात ३२ च्या आसपास होते. पुढे सैन्याने पाणी, विश्रांती आणि श्रम टप्प्याटप्प्याने वाढवणे यांचे नियम वाहक असो-नसो सगळ्यांना लावले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचा जादा धोका आढळला नाही. श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र दीडपट होता. रक्त तेच होते. शिस्त बदलली होती. थोडक्यात, ‘एएस’ माणसाला बंदी नाही, त्याला घाई परवडत नाही. ‘एसएस’ असेल तर मात्र इतक्या उंचीचा विचार सोडावा.

घाई म्हणजे काय ते एव्हरेस्टच्या वाटेवरच पाहा. विमान २,८६० मीटरवरच्या लुक्लाला उतरवते. नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४. तीन हजार मीटरनंतर रोजचा मुक्काम आधीच्यापेक्षा साधारण पाचशे मीटरच उंच असावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, हा जगभर मान्य नियम आहे. म्हणून नामचे आणि डिंगबोचे इथे दोन-दोन रात्री राहतात. रजा कमी असली की नेमके हेच दोन दिवस कापले जातात. ‘आम्ही फिट आहोत’ हे त्यावरचे उत्तर नव्हे. तंदुरुस्त माणूस भराभर चढतो, म्हणून तोच आधी अडचणीत येतो. तिथे हवेत प्राणवायूचा वाटा आपल्याइतकाच, २१ टक्के असतो, पण तळापाशी हवेचा दाब जवळपास निम्मा झालेला असतो. डोकेदुखी, उलटी, झोप न लागणे ही पहिली सूचना. बसल्या जागी धाप लागली, चाल अडखळली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. ॲसिटाझोलामाइडची गोळी मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच; सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष.

गडचिरोलीकरांसाठी आणखी एक गोष्ट. दिवाळीचा काळ हा पावसाळ्यानंतरच्या हिवतापाचाही काळ. फाल्सिपेरमचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे भामरागड-एटापल्लीत चावलेला डास ताप आणणार डिंगबोचेला. डोकेदुखी आणि उलटी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे सगळे उंचीवर ढकलले जाते. उंचीमुळे किंचित कणकण येऊ शकते, पण थंडी वाजून चढणारा ताप हिवतापच समजून तपासावा. तिथल्या दवाखान्यात आपण कुठून आलो हे आधी सांगावे. नेपाळमधल्या डॉक्टरला गडचिरोली ठाऊक असण्याचे कारण नाही.

सरावाचे म्हणाल तर आठ-दहा आठवडे हवेत. चंद्रपूरच्या जंगलात पहाटे एकट्याने फिरायला जा असा सल्ला कुणी शहाणा देणार नाही, वाघ आहेत. चार मजली इमारतीचा जिना, पाठीवर आधी चार आणि मग आठ किलो, हा साधा व्यायाम पुरतो. त्यातही ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी नको.

सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. मात्र ती वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते आणि अहवालाला वेळ जातो. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्यांची तपासणी सुरू आहे, त्यात कार्ड मिळाले असेल तर ते शोधून ठेवा. नसेल तर तिकिटे काढण्याआधी, निदान दोन महिने आधी, रक्त द्या. कार्डाची एक प्रत आपल्या खिशात आणि एक सोबत्याच्या. डाव्या बरगडीखाली कळ आली, तर गाइडला ते कार्ड दाखवून आपल्याबरोबर खाली उतरणारा माणूस कोण, हे निघण्याआधी घरीच ठरवून घ्या.