डर्ट बाईकचा व्हिडिओ काढायचाय? कॅमेरा घेण्याआधी हे वाचा, पैसे आणि मोबाईल दोन्ही वाचतील

सध्या गावोगावी पडीक रानात, ओढ्याच्या काठाला, मुरमाच्या टेकडीवर पोरं बाईक उडवताना दिसतात. कुणाकडे एक्सपल्ससारखी खडतर रस्त्याची गाडी आहे, कुणी जुन्या गाडीला मोठ्या गुठळ्यांचे टायर टाकलेत. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तेव्हापासून ही हौस आणखी वाढली. हौस आली की रील आली, आणि रील आली की घरात कॅमेऱ्याचा हट्ट सुरू होतो. म्हणून नेमकं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, ते सोप्या भाषेत बघू.

मोबाईल हँडलला लावू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. बऱ्याच चांगल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून लेन्स बारीक चुंबकांवर तरंगती ठेवलेली असते. बाईकच्या इंजिनाची थरथर हँडलमधून थेट तिथं पोचते आणि हळूहळू ही यंत्रणा बिघडते. मग साधा फोटोही अंधुक येतो. अॅपल कंपनीने 2021 मध्येच जास्त ताकदीच्या इंजिनाच्या मोटारसायकलला आयफोन लावणं टाळा, असं लेखी कळवलं आहे. शिवाय याच मोबाईलवर आपले बँकेचे मेसेज येतात, ई-पीक पाहणी होते. पन्नास सेकंदांच्या रीलसाठी तो पणाला लावू नये.

मोबाईल वापरायचाच असेल तर तो मित्राच्या हातात किंवा तिकाटण्यावर ठेवा आणि बाजूने शूटिंग करा. खरं तर उडीचा व्हिडिओ बाहेरूनच भारी दिसतो. मात्र मित्राने वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहावं. गाडी घसरली की ती वळणाच्या बाहेर फेकली जाते. उडी जिथं टेकते त्याच्या समोर तर कुणीच थांबू नये.

अॅक्शन कॅमेरा म्हणजे काय?

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आदळआपट सोसणारा आणि बिनहाताचा चालणारा कॅमेरा. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा360 ही नावं तुम्ही ऐकली असतील. यातले चांगले कॅमेरे साधारण 25 हजारांपासून पुढे मिळतात. घेताना तीन गोष्टी विचारा.

पहिली, हादरे थोपवण्याची सोय. हे कॅमेरे गरजेपेक्षा मोठं चित्र टिपतात आणि कडा कापून मधला भाग स्थिर ठेवतात. ढेकळातून गाडी चालवणाऱ्याला ही सोय सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर 4के असूनही व्हिडिओ बघवत नाही.

दुसरी, सेकंदाला किती चित्रं. 60 चित्रं टिपली आणि 30 च्या वेगाने दाखवली की निम्म्या वेगाचा स्लो मोशन मिळतो. रीलसाठी फुल एचडीत 60 पुरे.

तिसरी, पाणी आणि धूळ. डबा न लावता 10 मीटर पाण्यात चालणारा कॅमेरा चिखलाला भीत नाही. घरी आल्यावर झाकणं नीट बंद आहेत ना ते बघून स्वच्छ पाण्याखाली धरायचा.

तीन-चार हजारांत '4के' लिहिलेले कॅमेरे ऑनलाईन दिसतात. त्यातले बरेच कमी दर्जाचं चित्र टिपून ते फुगवून 4के म्हणून दाखवतात. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा मागच्या वर्षीचा मॉडेल बरा.

लावायचा कुठं?

हेल्मेटच्या डोक्यावर लावला तर वरून दिसतं, पण चढ सपाट वाटतो आणि झाडाची फांदी आधी कॅमेऱ्यालाच लागते. हनुवटीवर लावला तर हात, हँडल आणि पुढची वाट, सगळं चालवणाऱ्याच्या नजरेतून येतं. बहुतेकांना हेच आवडतं. छातीवरच्या पट्ट्यात उभं राहून चालवताना छान येतं, पण खाली वाकलं की नुसती टाकी दिसते.

हेल्मेटला भोक पाडू नका, त्याने कवच कमजोर होतं. चिकटपट्टी लावायची तर पृष्ठभाग पुसून कोरडा करा, पट्टी दाबून बसवा आणि 24 तास हात लावू नका. सोबत बारीक दोरी बांधा. पण ती इतकी दणकट नको की फांदीत अडकल्यावर मान ओढली जाईल. जोराचा ओढा बसला तर कॅमेरा सुटला पाहिजे, मान नव्हे.

कार्ड, बॅटरी आणि ऊन

4के व्हिडिओ 100 एमबीपीएसने टिपला तर तासाला साधारण 45 जीबी जागा लागते. म्हणजे 64 जीबीचं कार्ड सव्वा ते दीड तासात भरतं. कार्डावर व्ही30 लिहिलेलं बघा. म्हणजे ते सेकंदाला किमान 30 एमबी लिहितं. बाजारात नकली कार्डं खूप आहेत. आणल्यावर एकदा पूर्ण भरून सगळे व्हिडिओ चालवून बघा.

बॅटरी साधारण तासभर जाते, म्हणून एक जादा ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडी थांबली की वारा थांबतो आणि कॅमेरा तापून बंद पडतो. थांबलात की रेकॉर्डिंग बंद करा. लेन्सवरचा धुरळा शर्टाने पुसू नका, मातीचे कण काच ओरखडतात. आधी फुंकर, मग पाणी, मग मऊ कापड.

वाऱ्याच्या घोंगावण्याने आवाज बिघडतो. बाहेरचा माईक लागणाऱ्या कॅमेऱ्याला छोटा माईक जोडून तो हेल्मेटच्या आत गालाजवळ ठेवला की बोलणं स्वच्छ येतं.

कायदा विसरू नका

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे आणि तुमचाच व्हिडिओ पुरावा ठरतो. केरळमध्ये 2022 साली परिवहन खात्याने हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाई सुरू केली होती. त्यामुळे रस्त्याने जाताना कॅमेरा काढून पिशवीत ठेवा. अल्पवयीन पोराने रस्त्यावर गाडी चालवली तर पालकांना 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका आणि दुसऱ्याच्या रानात मालकाला विचारल्याशिवाय गाडी घालू नका. बांध फुटला की भांडण पिढ्यांचं होतं.

पैसे कुठं आधी घालायचे?

क्रम असा ठेवा. आधी आयएसआय शिक्क्याचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, मग गुडघ्या-कोपराचे गार्ड, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट. त्यानंतर उरलेल्या पैशांत कॅमेरा. पैसे कमी पडत असतील तर एक हंगाम मित्राच्या मोबाईलने काढा. कॅमेरा पुढच्या दिवाळीला मिळेल, गुडघ्याची वाटी पुन्हा मिळत नाही.